देवांच्या मागची भिंत

मी अमेरिकेला गेले ती नातीला आणायला. फिरायला नव्हे. लोक तिकडून परत आले की धबधब्यासमोर उभं राहून काढलेले फोटो दाखवतात, माझ्याकडे तसा एकही नाही. २००६ सालच्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या ईडन प्रेरी नावाच्या गावी पोचले तेव्हा जिकडेतिकडे बर्फ होता, आणि तो बघायला मला सवड नव्हती. माझं लक्ष लेकीच्या कडेवरच्या पोरीकडे होतं. पाच वर्षांची व्हायला आलेली मुलगी कडेवर कशाला घेतेस, असं मी आश्लेषाला विचारणार होते. तेवढ्यात स्वानंदी खोकली आणि मी तोंड मिटलं.

फोनवर ऐकलेला खोकला आणि समोर ऐकलेला खोकला यांत फार फरक असतो. पोरीचे खांदे वर जायचे, गळ्याखाली खड्डा पडायचा आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजायची. थंडी सुरू झाल्यापासून तिला एकदा रात्रीतून हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमा आहे. तोंडात मारायचा पंप दिला, वाफेचं मशीन दिलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

शेवटी आश्लेषाच फोनवर रडत म्हणाली, "आई, तू ये आणि वर्षभर हिला नाशिकला घेऊन जा. इथली हवा मानवत नाही तिला." मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पोर आजारी आहे याचा नव्हे, पोर माझ्याकडे येणार याचा. आमच्या ह्यांनी तर मागच्या खोलीला रंग काढला, छोटी खाट आणली आणि कोपऱ्यावरच्या बालवाडीत जाऊन नावसुद्धा घालून आले. एप्रिलचं परतीचं तिकीट आम्हां दोघींचं होतं, माझं आणि स्वानंदीचं.

आता माझ्याबद्दल एक सांगून ठेवते. मी पोस्टाच्या काउंटरवर बसून अख्खी नोकरी काढली. रांगेत घुसणाऱ्याला मी सोडलं नाही, आणि पोस्टमास्तर उगाच अंगावर आले तर त्यांनाही नाही. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी ताटात बिनफोडणीचं वरण आलं तेव्हा डोकं तापलंच.

"हे काय गं? आजारी कोण आहे, मी की स्वानंदी?"

"फोडणी बंद केलीय आई," आश्लेषा म्हणाली. "कुकरही कमी लावते. ऑफिसवाले म्हणतात, आमच्या स्वयंपाकाच्या वाफेने घर दमट होतं."

ऑफिस म्हणजे त्यांच्या कॉम्प्लेक्सचं. भाड्याच्या घरांच्या लांबलचक इमारती होत्या आणि मधोमध एक ऑफिस. काही बिघडलं की तिथे जाऊन सांगायचं. घरात कोंदट वास येतो अशी तक्रार आश्लेषाने दोनदा केली होती. दोन्ही वेळा त्यांचा दुरुस्तीवाला, डेल त्याचं नाव, येऊन गेला. त्याने बाथरूम पाहिलं, बेसिनच्या खाली वाकून पाहिलं, खिडक्यांच्या कडा पाहिल्या. काही सापडलं नाही. मग ऑफिसातली बाई हसत हसत म्हणाली की तुमच्या इंडियन कुकिंगमध्ये वाफ फार होते, पंखा लावत जा. आमच्या बयेने पंखा लावला, फोडणी सोडली, आणि भर बर्फात खिडकी बोटभर उघडी ठेवायला लागली. व्हिसाच्या नियमाने तिला नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे दिवसभर ती आणि तिचं घर. पोरीला जे होतंय ते आपल्याच हाताने होतंय, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"वाफेने दमा होत असता तर नाशकात एक पोर धड वाढलं नसतं," मी म्हटलं आणि मोहरी शोधायला उठले. मोहरीचा डबा तिने अगदी वरच्या कपाटात टाकला होता. खुर्चीवर चढून तो काढला तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

जावई मात्र लाखात एक. निमिषना मी रागावल्याचं कोणी ऐकलेलं नाही, कारण ते रागावण्यासारखं काही करतच नाहीत. कॉम्प्युटरवर काम, तेही कंपनीची कंपनी आणि तिची कंपनी अशा काहीतरी मधल्या लोकांतर्फे. त्या मधल्या लोकांनी उद्या नको म्हटलं तर गाशा गुंडाळून घरी. म्हणून निमिष कोणाशी वाकडं घेत नसत. ऑफिसची बाई म्हणाली वाफ, तर वाफ.

आता देवांचं सांगते, कारण सगळं तिथे येऊन थांबलं.

त्यांच्या घरी देवघर होतं ते स्वानंदीच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात. हसू नका, तिकडे पुष्कळ जणांकडे असंच असतं. दारं उघडली की वर हँगरला पोरीचे फ्रॉक लटकलेले आणि खाली देव बसलेले. हे काही आश्लेषाच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. तिच्या सासूबाईंनी पुण्याहून फोनवर दिशा काढली होती. ईशान्य कोपराच पाहिजे. निमिष होकायंत्र घेऊन घरभर फिरले आणि ईशान्य निघाली नेमकी त्या कपाटात. मग विहीणबाईंनी सागवानी देवघर पाठवलं, ते कपाटात बरोब्बर बसलं, आणि मागची भिंत उघडी दिसू नये म्हणून आश्लेषाने तिला सोनेरी गिफ्टपेपर चिकटवला. एकदा बसलेलं देवघर पुन्हा जागचं हललं नाही. देव घासायला काढायची, पण देवघर कशाला हलवेल कोणी.

मी गेले तेव्हा त्या कपाटाची दारं बंद होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घरात धूर नको, उदबत्ती नको, कापूर नको. म्हणून या दोघांनी दिवाही बंद केला आणि दारंही लावून टाकली. महिनाभर मी गप्प बसले, म्हटलं मुलांचं घर आहे. पण मार्चअखेरच्या एका सकाळी मला काही राहवेना. एक तर प्रवासाच्या आधी देवापुढे नारळ ठेवायचा होता. आणि मी दार उघडते तर आतून असा वास आला की मी दोन पावलं मागे सरले.

"आश्लेषा, देवांना कोंडून ठेवलंत तुम्ही? अंधारात? हा वास बघ कसला मारतोय."

"आई, धुरामुळे…"

"धूर नको तर नको. दिवा बाहेर लावू, स्वयंपाकघरात. देवांना हवा तरी लागू दे. धर इकडून."

"ईशान्य चुकेल."

"चुकू दे. तुझ्या सासूबाईंना मी सांगते काय ते."

सांगायला नको, मला काही कळलं होतं म्हणून मी ते हलवायला निघाले नाही. मला राग आला होता, एवढंच. देव एका ताटात काढले, पदराने झाकले, आणि दोघींनी मिळून देवघर ओढलं. ते निघेना. जोर लावला तेव्हा चरचर आवाज करत सुटलं, आणि मागचा सोनेरी कागद त्याच्या पाठीला चिकटून सोबत आला.

मागची भिंत काळी होती. कुठे डाग पडलाय असं नव्हे, खालपासून माझ्या कमरेपर्यंत काळी आणि केसाळ, लोणच्याची बरणी विसरली की वर येतं तसं. देवघराच्या पाठीलाही तेच. तिकडच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या असतात हे मला माहीत नव्हतं. मी बोट टेकवलं तर बोट आत गेलं आणि ओलं होऊन बाहेर आलं.

आश्लेषा तिथेच खाली बसली. स्वानंदीची गादी त्या कपाटापासून हातभर अंतरावर होती. "मी तिला रोज संध्याकाळी इथेच बसवत होते आई," ती म्हणाली. "शुभंकरोती म्हणायला. खोकत खोकत म्हणायची ती, आणि मी म्हणायचे, पूर्ण कर." एवढं बोलून ती हमसाहमशी रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण दोघींनी रडून कसं चालेल. मी आधी स्वानंदीला बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं, त्या खोलीचं दार लावलं आणि निमिषना फोन करायला सांगितलं.

निमिष लगेच आले. भिंत बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. देवघराला चिकटलेल्या कागदाकडे बघत म्हणाले, "आई, आपण कागद चिकटवला होता. ऑफिसवाले म्हणतील, तुम्हीच झाकून ठेवलंत. घर सोडा म्हणाले तर काय करायचं? मी आधी नेटवर वाचतो, मग शांतपणे ईमेल करू."

"तुम्ही वाचा," मी म्हटलं. "शांतपणे वाचा. मी चालले."

माझं इंग्रजी पोस्टातलं. पण पोस्टात कोणाला थांबवायचं असलं की ते पुरायचं. मी भिंतीचा निघालेला एक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, निमिषचा जाडा कोट अंगावर चढवला आणि बर्फातून ऑफिसकडे निघाले. आश्लेषा मागून धावत आली, "आई, बूट तरी घाल." सपाट्यात सपाताच घालून निघाले होते मी. तिने बूट घातले माझ्या पायांत, आणि मग दोघीच गेलो. स्वानंदीजवळ निमिष थांबले.

ऑफिसातल्या बाईने छान हसून हॅलो केलं. टेबलावर गोळ्यांचा वाडगा होता. मी ती पिशवी त्या वाडग्याशेजारी ठेवली.

"धिस इज युवर वॉल," मी म्हटलं. "नॉट माय कुकिंग. माय ग्रँडडॉटर इज ब्रीदिंग धिस. यू कम अँड सी. नाऊ."

बाईचं हसू जागच्या जागी राहिलं. तिने पिशवीकडे पाहिलं, आश्लेषाकडे पाहिलं. आश्लेषा नेहमी अशा वेळी सॉरी म्हणते, जन्मतःच तिला ती खोड आहे. त्या दिवशी म्हणाली नाही. उलट माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मुलगी हॉस्पिटलात गेली होती ते सगळं सांगितलं, न थांबता, न रडता. मी लेकीकडे बघतच राहिले. बाईने फोन उचलून डेलला बोलावलं.

डेल म्हणजे पिकलेल्या मिशांचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला उंच माणूस. तो स्वानंदीच्या खोलीच्या दाराशी आला आणि थबकला. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. आश्लेषा म्हणाली, राहू द्या, देव आता तिथे नाहीत. तेव्हा तो म्हणाला, "मागच्या दोन्ही वेळेस तुम्ही हात जोडून म्हणाला होतात, इथे बूट नको, हे आमचं मंदिर आहे. मला वाटलं, बाहेरच्या माणसाने तिथे जायचंच नसतं. म्हणून मी ते कपाट उघडून पाहिलंच नाही."

आश्लेषाने माझ्याकडे पाहिलं. तिने दोन्ही वेळा नुसतं बुटांबद्दल सांगितलं होतं. आपल्याकडे येणाऱ्याला आपण सांगतो तसंच. बूट काढून तो आत गेला असता तर तिने त्याला वर चहासुद्धा दिला असता. आणि तो बिचारा मान राखायला म्हणून मागच्या मागे परत गेला होता. दोघांनीही एकमेकांचा मान राखला आणि त्या मानापायी माझी नात सगळा हिवाळा खोकली. मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडायला कोणी सापडत नव्हतं, हे सगळ्यात वाईट.

डेलने भिंत कापली. आत वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप होता आणि त्याच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, थेंब थेंब, कधीपासून कोण जाणे. तो तीन-तीनदा सॉरी म्हणाला. ऑफिसच्या बाईनेही डोळ्यांनी बघितलं. मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक घर रिकामं होतंय, ते तुम्हाला देते म्हणाली. पण ते तयार व्हायला वेळ होता, आणि बुरशीच्या या घरात स्वानंदीला आणखी एक रात्र ठेवायला मी तयार नव्हते.

आश्लेषाची मैत्रीण मृणालिनी जवळच राहायची. नागपूरची, घर स्वतःचं. तिला फोन केला तर म्हणाली, "विचारून काय राहिलीस बाप्पा, गाडी काढतेच मी." तासाभरात आम्ही देवांच्या ताटासकट तिच्या घरी. जावयांच्या पुतळ्यात जरा जीव आला तो तिथे, गरम चहा पोटात गेल्यावर.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, या बुरशीने दमा नक्की चाळवतो, तिथून काढलंत हे उत्तम केलंत. पण सगळा खोकला त्यामुळेच होता असं मी आज सांगू शकत नाही, थोडं थांबून बघू. थांबायला आमच्याकडे फारसा अवधी नव्हता. आमचं विमान जवळ आलं होतं.

आणि मृणालिनीच्या घरी गेल्यापासून स्वानंदी खोकेना. दुसऱ्या दिवसापासूनच. आश्लेषाचा जीव भांड्यात पडला, निमिष चक्क गुणगुणायला लागले. मीच एकटी घुम्यासारखी बसून होते. एवढा जुना खोकला असा कुठे एका दिवसात जातो का. मला ते पटत नव्हतं. आणि दुसरं कारणही होतं, तेही सांगते. पोर इथेच बरी झाली तर ती नाशिकला कशाला येईल? हे मनात यायचं आणि माझी मलाच लाज वाटायची.

एका दुपारी सगळे आपापल्या कामात होते. मी स्वानंदीच्या खोलीत डोकावले तर ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि तोंड उशीत दाबून धरलं होतं. अंगाला झटके बसत होते. मी धावत जाऊन उशी ओढली. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी. आणि मग साठलेला खोकला बाहेर आला.

पंप दिला, पाठ चोळली. जरा शांत झाल्यावर म्हटलं, "अगं, दाबून का धरतेस? खोकला आला की खोकायचं."

"आय ॲम नॉट कॉफिंग," ती म्हणाली.

"मी बघितलं ना बाळा."

ती उशीचं टोक ओढत बसली. मग म्हणाली, "इफ आय डोन्ट कॉफ, देन आय कॅन स्टे?"

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं. आम्ही मोठी माणसं फोनवर, जेवताना, तिच्या डोक्यावरून बोलत होतो. खोकते म्हणून नाशिकला पाठवायचं. मराठीत उत्तर देत नाही म्हणून तिला कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पोरीला सगळं कळत होतं. जी मुलगी खोकते तिला घरातून पाठवून देतात, असं तिने तिच्या मनाशी ठरवलं होतं, आणि आईजवळ राहता यावं म्हणून ती श्वास कोंडून बसत होती. दम्याची पोर श्वास कोंडत होती.

मी तिला मांडीवर घेतलं. "स्वानंदी, माझ्याकडे बघ. तू कुठेही जायचं नाही. आईजवळच राहायचं."

"इव्हन इफ आय कॉफ?"

"खोकलीस तरी. कितीही खोकलीस तरी."

तिने माझ्याकडे बघितलं, खरं का खोटं ते जोखत. मग तिथेच, माझ्या तोंडावर, खच्चून खोकली. मी तिची पाठ थोपटत राहिले. ती पुन्हा खोकली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी हसले. मग ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली आणि मी तिथेच बसून मनसोक्त रडून घेतलं.

संध्याकाळी निमिष आल्यावर मी सांगितलं, "स्वानंदीचं तिकीट कॅन्सल करा."

आश्लेषा चमकली. "आई, पण अजून डॉक्टर काही बोलल्या नाहीत. आणि दुपारी ती खोकली ना? बाबांनी खोली रंगवलीय, बालवाडी…"

"बाबांना मी बघते. ती बरी झाली म्हणून ठेवा असं मी म्हणतच नाहीये. बरी होवो न होवो, ती तुमच्याजवळ राहील. कुठेतरी सुकं घर बघा आणि तिथे राहा. आणि तिच्यासमोर पाठवण्याबिठवण्याची भाषा पुन्हा करायची नाही." दुपारचं सगळं सांगितलं तेव्हा निमिष उठून आतल्या खोलीत गेले. बाहेर आले ते फोन करूनच. त्यांच्याकडून इतकं झटपट काही झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रात्री ह्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "खाट राहू दे. सुट्टीत येईल तेव्हा लागेल." आवाज जड होता, पण नावं ठेवली नाहीत कोणाला. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, पण तसं काही मी फोनवर बोलले नाही.

पुढचं सगळं चांगलंच झालं, आणि ते सांगताना मला आजही हलकं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं, म्हणाल्या, शिट्टी आहे पण पूर्वीपेक्षा कमी आहे. नवं घर मिळालं. वरचा मजला, खिडकीत दुपारचं ऊन. निमिषनी आत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक भिंतीला हात लावून बघितला, कपाटांच्या आत वाकून वास घेतला. देव स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला बसले. कुठली दिशा ती मी विचारली नाही आणि विहीणबाईंनाही कोणी कळवली नाही. आश्लेषाने वरणाला हिंग-मोहरीची फोडणी दिली तेव्हा घरभर वास सुटला आणि स्वानंदी नाक मुरडून म्हणाली, "यक," आणि दोनदा मागून जेवली.

खोकला एकदम गेला नाही. आधी दिवसाचा गेला, मग झोपेतला कमी कमी होत गेला. ती आता दाबून धरत नव्हती, म्हणून आम्हाला खरं ते कळत होतं. मी निघायच्या आधीच्या आठवड्यात बर्फ वितळून गवत दिसायला लागलं होतं आणि ती मृणालिनीच्या मुलांच्या मागे बागेत पळत होती. दमली की थांबायची, कमरेवर हात ठेवायची, पुन्हा पळायची. मी बाकावर बसून नुसते कान लावून ऐकत होते. शिट्टी नव्हती.

विमानतळावर सगळे सोडायला आले. मी एकटीच जाणार होते, एका बॅगेत माझ्या साड्या आणि दुसरीत ह्यांच्यासाठी मृणालिनीने दिलेले बदाम. आश्लेषाच्या गळ्यात पडून झालं, निमिषचा वाकून नमस्कार करून झाला. मी आतल्या रांगेकडे वळले तेवढ्यात मागून स्वानंदीने माझा पदर धरला. मी वळून बघितलं. तिने छातीवर हात ठेवला आणि खोकली. खोक, खोक, खोक.

आश्लेषा घाबरून पुढे आली. मी खाली वाकून पोरीच्या छातीला कान लावला. आत लख्ख श्वास चालला होता.

"आय ॲम कॉफिंग, आजी," ती म्हणाली. "सो यू हॅव टू स्टे." आणि मी ऐकेना असं बघून तिने मराठीत सांगितलं, "मी खूप आजारी आहे. खरंच."

इतका खोटा खोकला मी जन्मात ऐकला नव्हता. मी तिला पुन्हा खोकायला सांगितलं, आणि पुन्हा, आणि तिथेच गुडघ्यावर बसून पोटभर ऐकून घेतला.